कारुसोची वीस भावंडं : एक वाक्य तपासताना

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी, सहामाही प्रगती अहवालाच्या बैठकीत माझं पहिलं प्रकरण एका वाक्यावर अडकलं. वाक्य तसं निरुपद्रवी होतं. 'एन्रिको कारुसो हा आईवडिलांच्या एकवीस अपत्यांपैकी अठरावा, आणि जगलेला पहिला.' प्रकरणाची सुरुवात अशा वाक्याने केली की वाचणारा लगेच सरसावून बसतो, असं मला वाटत होतं.

समितीतल्या एक मॅडम खरंच सरसावून बसल्या. म्हणाल्या, "हे तुला कुठून कळलं?"

मी तीन पुस्तकांची नावं सांगितली.

"बरं. त्यांना कुठून कळलं?"

मी गप्प. घरी येऊन तिन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडली. तिसऱ्याने दुसऱ्याचा हवाला दिला होता, दुसऱ्याने पहिल्याचा, आणि पहिल्याने कुणाचाच नाही. मी तीन साक्षीदार उभे केले होते; प्रत्यक्षात साक्षीदार एकच होता आणि त्यानेही ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटची तयारी करताय, सिनॉप्सिस लिहिताय, गाईड शोधताय. 'प्राथमिक साधनं', 'दुय्यम साधनं' हे शब्द पाठही झाले असतील. मलाही होते. पण ते शब्द पाठ असणं आणि समोरच्या वाक्यावर वापरता येणं यात किती अंतर असतं, ते मला कारुसोने दाखवलं. म्हणून आज त्याच्या करिअरची गोष्ट सांगते, आणि सांगता सांगता ती गोष्ट आपल्याला कशी कळते तेही.

आधी सांगाडा

ज्यांना ऑपेराची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकाचा लांबचा नातेवाईक म्हणा. फरक असा की इथे बहुतेक सगळं गाऊनच सांगायचं, आणि तेही मायक्रोफोनशिवाय, पूर्ण वाद्यवृंदाच्या वर आवाज काढून. टेनर म्हणजे पुरुषाचा चढा आवाज. नायक, प्रियकर, बंडखोर बहुधा टेनरच असतो.

कारुसोचा जन्म नेपल्समध्ये २५ फेब्रुवारी १८७३ चा. वडील कारखान्यात मेकॅनिक. आई १८८८ मध्ये वारली. १५ मार्च १८९५ ला नेपल्सच्याच तेआत्रो नुओव्होमध्ये, मोरेल्ली नावाच्या फारशा कुणाला आठवत नसलेल्या संगीतकाराच्या ऑपेरात त्याचं पदार्पण झालं. १७ नोव्हेंबर १८९८ ला मिलानमध्ये जोर्दानोच्या 'फेदोरा'च्या पहिल्या प्रयोगात तो नायक होता, आणि तिथून त्याचं नाव झालं. डिसेंबर १९०० मध्ये तोस्कानिनीच्या हाताखाली ला स्काला. मे १९०२ मध्ये लंडनचं कोव्हेंट गार्डन. २३ नोव्हेंबर १९०३ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात 'रिगोलेत्तो'. मग तिथेच अठरा हंगाम, आठशेहून जास्त प्रयोग. शेवटचा प्रयोग २४ डिसेंबर १९२० चा. २ ऑगस्ट १९२१ ला नेपल्समध्ये मृत्यू, वय ४८.

हा सांगाडा पक्का आहे. का पक्का? कारण यातली जवळजवळ प्रत्येक तारीख कुठल्या ना कुठल्या नोंदीवर उभी आहे: नाट्यगृहाची नोंदवही, कलाकारांच्या नावांचा छापील कागद, दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र. ही कागदपत्रं तयार करणाऱ्यांना कारुसो पुढे महान होणार आहे हे माहीत नव्हतं. १८९५ च्या त्या प्रयोगाची नोंद करणाऱ्या माणसाला पोराची दंतकथा करायची गरज नव्हती. ज्या साधनाला आपल्या प्रश्नात काहीच रस नसतो ते साधन बऱ्याचदा सगळ्यात विश्वासू असतं. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय.

आता या सांगाड्यावर चढलेलं मांस पाहू.

एकवीस, की सात?

एकवीस मुलांची गोष्ट वाईट हेतूने कुणी रचलेली दिसत नाही. ती कारुसोच्या घरातच सांगितली जात होती आणि त्याचा स्वतःचाही तिच्यावर विश्वास होता. त्याच्या हयातीत ती छापून आली, मृत्यूनंतरच्या चरित्रांत गेली, आणि मग तिला पाय फुटले.

तिला पहिला धक्का देण्यासाठी अभिलेखागारातसुद्धा जावं लागत नाही, साधा हिशेब पुरतो. कारुसो जन्मला तेव्हा त्याचे आईवडील दोघंही पस्तिशीच्या आसपास होते. त्याच्या आधी सतरा बाळंतपणं बसवून बघा. जुळी-तिळी धरली तरी ओढाताण होते. मला बैठकीच्या आधी हा हिशेब सुचला नाही, कारण गोष्ट मला आवडली होती. आवडलेल्या गोष्टीचा हिशेब आपण करत नाही.

दुसरा धक्का नोंदवह्यांचा. नेपल्समध्ये जन्ममृत्यूची नागरी नोंद नेपोलियनच्या काळापासून, म्हणजे १८०९ पासून होते. कारुसोच्या धाकट्या मुलाने, एन्रिको ज्युनियरने, अँड्र्यू फार्कस या अभ्यासकाबरोबर लिहिलेलं वडिलांचं चरित्र १९९० मध्ये आलं. त्यात कुटुंबाच्या नोंदींच्या आधारे आकडा दुरुस्त झाला: मुलं सात, कारुसो तिसरा, आणि बालपण पार करून जगलेली तिघं.

इथे माझी पहिली प्रतिक्रिया काय होती सांगू? निराशा. एकवीसचे सात झाले, गोष्टच बसली. पण दोन दिवसांनी ते सात परत वाचले. सातांपैकी चार मुलं लहानपणीच गेली. गिरणी-कारखान्यातल्या माणसाचं घर, एकोणिसाव्या शतकातलं दाटीवाटीचं नेपल्स. १८८४ मध्ये त्या शहरात कॉलराची मोठी साथ आली होती, तेव्हा कारुसो अकरा वर्षांचा होता. म्हणजे एकवीसच्या आकड्याने जे दुःख 'अद्भुत' करून टाकलं होतं, ते सातच्या आकड्याने परत खरं झालं. एकवीस मुलांवर आपण 'बापरे' म्हणून पुढे जातो. सातांतली चार म्हटल्यावर थांबतो.

आणि चुकीची ठरलेली गोष्ट फेकायचीही नसते. जगात सगळ्यात महाग ठरलेल्या गायकाच्या घरात ही गोष्ट का सांगितली जात असेल? 'हा जगला म्हणजे काहीतरी कारणासाठीच जगला' असा तिचा सूर आहे. कुटुंबाने आपल्या नशिबाचा लावलेला अर्थ म्हणून ती उत्तम साधन आहे. मुलांच्या संख्येसाठी मात्र नाही. साधन खोटं नव्हतं, मी त्याला चुकीचा प्रश्न विचारत होते.

नेपल्सची शपथ

दुसरी प्रसिद्ध गोष्ट. डिसेंबर १९०१ मध्ये कारुसो आपल्या गावच्या सान कार्लो नाट्यगृहात दोनिझेत्तीच्या 'लेलिझिर दामोरे'मध्ये गायला. गावकऱ्यांनी हुर्यो केली. त्याने शपथ घेतली की परत नेपल्सला येईन तो फक्त शेवया खायला, गायला नाही. आणि शब्द पाळला.

ही गोष्ट सोलून बघू. यात निदान तीन वेगळी विधानं आहेत. एक: तो ३० डिसेंबर १९०१ ला तिथे गायला. दोन: त्या हंगामानंतर तो नेपल्सच्या रंगमंचावर गायला नाही. तीन: याचं कारण अपमान आणि शपथ.

पहिली दोन नोंदींवरून तपासता येतात आणि ती टिकतात. तिसरं विधान मनातलं आहे. मनातल्या गोष्टीला नोंदवही नसते. शिवाय हुर्यो उडाली म्हणावं तर त्याच हंगामात तो तिथे मासनेच्या 'मानों'मध्येही गायला. समीक्षा कोमट होती, त्याला ती लागली, हे मान्य. पण हाकलून लावलेला गायक हंगाम पूर्ण करत नाही.

मग मी दुसऱ्या कारणांकडे पाहिलं. १९०३ पासून त्याचे हिवाळे न्यूयॉर्कमध्ये जायला लागले. मेट्रोपॉलिटनचा हंगाम नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत चाले आणि इटलीतल्या मोठ्या नाट्यगृहांचा मुख्य हंगामही हिवाळ्याचाच. त्याला तिथे मिळणारं मानधन इटलीतल्या नाट्यगृहांना झेपणारं नव्हतं. पुढच्या काळात तो नेपल्सच काय, एकूण इटलीतच फार कमी गायला. म्हणजे एका शहरावरचा राग धरला तर नेपल्सचं स्पष्टीकरण मिळतं, पण मिलान आणि रोमचं मिळत नाही. बोटी, करार आणि डॉलर धरले तर तिन्हींचं मिळतं.

राग नव्हताच असं मी म्हणत नाही. पण प्रकरणात लिहिताना मी आता 'शपथेमुळे' लिहीत नाही. 'यानंतर तो नेपल्समध्ये गायला नाही. पुढे याचं कारण म्हणून शपथेची गोष्ट सांगितली जाऊ लागली' असं लिहिते. वाक्य लांबलं, चमक गेली, पण कुणी 'कुठून कळलं' विचारलं तर उत्तर आहे.

हॉटेलातली खोली

आता माझ्या विषयाच्या गाभ्याकडे. मिलानचं ग्रँड हॉटेल. याच हॉटेलात जानेवारी १९०१ मध्ये व्हेर्दी वारला. एप्रिल १९०२ मध्ये, परंपरेने सांगतात ती तारीख ११, लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग तिथल्या एका खोलीत यंत्र मांडून बसला. कारुसोने शंभर पौंड मागितले, दहा गाण्यांचे. गाइसबर्गने लंडनला कळवलं, तिकडून तारेने नकार आला, आणि त्याने तो नकार बाजूला ठेवून ध्वनिमुद्रण केलं. त्या दहा तबकड्यांनी ग्रामोफोनला खेळण्यातून वाद्य केलं, असं म्हणतात.

ही गोष्ट कोण सांगतं? स्वतः गाइसबर्ग. कधी? १९४२ मध्ये छापलेल्या आठवणींत. मध्ये चाळीस वर्षं गेली, कारुसो जाऊन वीस वर्षं झाली आणि तो एव्हाना दंतकथा झाला होता. अशा आठवणीत वरिष्ठांचं न ऐकणारा दूरदर्शी माणूस कोण असतो? लिहिणाराच.

म्हणजे गाइसबर्ग खोटं बोलला का? तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. आठवणी वाचताना मी तीन प्रश्न वहीत लिहिते: घटना आणि लेखन यात अंतर किती, लिहिणाऱ्याला यातून काय मिळतं, आणि आजूबाजूच्या परिस्थितीशी हे जुळतं का. तिसऱ्या प्रश्नाने इथे फार मदत केली. मार्च १९०२ मध्ये ला स्कालात फ्रांकेत्तीचा 'जेर्मानिया' हा नवा ऑपेरा झाला, नायक कारुसो. त्या दहा गाण्यांत 'जेर्मानिया'तली दोन आहेत. आणि मे महिन्यात त्याचं लंडनला पदार्पण ठरलेलं होतं. म्हणजे गावात ताजा गाजणारा ऑपेरा, आणि दुकानात माल पोचायला बरोबर एक महिना. यात एका माणसाच्या दूरदृष्टीइतकीच व्यापारी घाईही दिसते. 'गाइसबर्गने कारुसोला शोधलं' हे वाक्य जरा लहान होतं. कारुसो तेव्हा सापडलेलाच होता.

याच वर्षाचा पुढचा धागा आपल्याकडे येतो. मिलानमध्ये कर्णा मांडणारा हाच गाइसबर्ग काही महिन्यांत बोटीने कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबर १९०२ मध्ये त्याने गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. तिच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारते, ते तुम्ही ऐकलं असेल. भारतातलं सुरुवातीचं ध्वनिमुद्रण आणि कारुसोचं पहिलं ध्वनिमुद्रण यांत एकच माणूस, एकच कंपनी, एकच वर्ष. माझा विषय सुचला तो इथे.

कर्ण्याला काय ऐकू येतं

तबकडी हे तर अस्सल प्राथमिक साधन, असं मला वाटायचं. प्रत्यक्ष आवाजच आहे की! इथे सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं.

१९२५ च्या आधी ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गायक एका मोठ्या कर्ण्यात तोंड करून गायचा, आवाजाच्या दाबाने पडदा हलायचा, पडद्याला जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ ओढायची. खूप खालचे आणि खूप वरचे सूर या यंत्राला धड पकडता यायचे नाहीत. व्हायोलिनांचा आवाज विरून जायचा, खर्जातल्या तंतुवाद्यांच्या जागी फुंकून वाजवायचं ट्यूबा बसवायचे. पुरुषाचा भरदार चढा आवाज मात्र यंत्राच्या बरोबर टप्प्यात यायचा. कारुसो मोठा गायक होता यात वाद नाही. पण त्याच्या काळच्या मोठ्या सोप्रानो गायिका तबकडीवर किरट्या वाटतात, त्यात सगळा दोष त्यांच्या गळ्याचा नाही. यंत्राने काहींना पास केलं, काहींना नापास, आणि आपण तो निकाल गायकांचा समजून वाचतो.

दुसरं, वेग. आपण '७८ ची तबकडी' म्हणतो, पण त्या काळात मिनिटाला फेऱ्या किती हे पक्कं ठरलेलं नव्हतं. फेऱ्यांत चार-पाचाचा फरक पडला की जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक पडतो. पांढरी एकचं गाणं काळी एकमध्ये ऐकू येतं. मग 'कारुसोने हे मूळ पट्टीत गायलं की उतरवून?' हे नुसती तबकडी लावून सांगता येत नाही. उलट आवाज पातळ किंवा जाड वाटण्याचं कारण गळा नसून यंत्राची किल्ली असू शकते.

तिसरं, यादी. कारुसोच्या अडीचशेच्या आसपास तबकड्या आहेत. त्यांची यादी बघून 'त्याच्या भूमिका' लिहायला घेतल्या तर फसाल. व्हेर्दीच्या 'ओतेल्लो'तलं युगुलगीत त्याने १९१४ मध्ये तित्ता रुफ्फोबरोबर मुद्रित केलं. ऐकणारा म्हणतो, काय ओतेल्लो केला असेल! रंगमंचावर त्याने ओतेल्लो कधीच केला नाही.

चौथं, आकड्यांची दंतकथा. 'दहा लाख खपलेली जगातली पहिली तबकडी म्हणजे कारुसोची पालियाच्चीतली आरिया' हे वाक्य सगळीकडे भेटेल. पण कुठली तबकडी? ते गाणं त्याने तीनदा मुद्रित केलं: १९०२ मध्ये मिलानला पियानोवर, फेब्रुवारी १९०४ मध्ये न्यूयॉर्कला पियानोवर, आणि मार्च १९०७ मध्ये वाद्यवृंदाबरोबर. तुम्ही वाचलेल्या वाक्यात यातली कुठली आणि किती वर्षांतली विक्री, ते लिहिलंय का बघा. वस्तू कुठली हेच ठरलेलं नसेल तर आकडा कशाचा?

विक्रीपेक्षा किंमत हे जास्त सरळ साधन आहे. १९०८ मध्ये 'लुचिया'तलं सहा गायकांचं गाणं कारुसोसह मुद्रित झालं, त्याची एका बाजूची तबकडी सात डॉलरला विकली जायची. ग्रामोफोन 'घराघरात ऑपेरा' घेऊन गेला असं आपण लिहितो; सात डॉलर कुणाच्या घरात होते, हा त्याच्या पुढचा प्रश्न.

एका ऑपरेशनचं कारण

आता जरा अवघड उदाहरण, कारण तुमच्या प्रबंधातही 'क्ष मुळे य झालं' असं वाक्य कुठेतरी येणारच.

कारुसोचा तरुणपणीचा आवाज हलका, गोड होता. नंतर तो गडद, जवळजवळ बॅरिटोनसारखा झाला. 'लेलिझिर दामोरे'तलं त्याचं प्रसिद्ध गाणं १९०४ चं आणि १९११ चं अशी दोन ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका, फरक कुणालाही कळेल. १९०९ मध्ये त्याच्या स्वरतंतूवरची गाठ मिलानला ऑपरेशन करून काढली. झालं, कारण सापडलं! मी पहिल्या मसुद्यात असंच लिहिलं होतं.

गाईडनी समासात फक्त 'आणखी काय बदललं?' असं लिहून परत दिलं. मी यादी केली. वय ३१ चं ३८ झालं. १९०४ ला मागे पियानो होता, १९११ ला वाद्यवृंद. सात वर्षांत मुद्रणाचं तंत्र सुधारलं, म्हणजे कर्ण्याने खालचे सूर जास्त पकडले असतील. भूमिका जड होत गेल्या. पुढे तर सॅम्सन, 'ल प्रोफेत', 'ला जुईव्ह' अशा भूमिका आल्या. आणि १९०८ मध्ये अदा जाकेत्ती त्याला सोडून गेली.

अदाबद्दल थांबून सांगायला हवं. १८९७ मध्ये लिव्होर्नोला दोघांची भेट झाली तेव्हा नावाजलेली सोप्रानो ती होती, तो नवखा. दोघं अकरा वर्षं एकत्र राहिली, त्यांची दोन मुलं जगली. तिचं आधी लग्न झालेलं असल्यामुळे यांचं होऊ शकलं नाही. भूमिका बसवताना त्याला तिची मदत झाली, हे मुलाने लिहिलेल्या चरित्रातून कळतं. तिचं स्वतःचं गाणं मागे पडलं. पुढे कारुसोने अमेरिकन डोरोथीशी लग्न केलं, डोरोथीने पतीची चरित्रं लिहिली, १९५१ मध्ये हॉलिवूडने मारिओ लांझाला घेऊन 'द ग्रेट कारुसो' काढला. त्या चित्रपटात अदा नाहीच. करिअरच्या पहिल्या, सगळ्यात कठीण दशकातली जोडीदारीण कथेतून गळाली, कारण कथा सांगणारं शेवटचं माणूस दुसरं होतं. साधनं कुणाच्या हातात राहतात यावर इतिहासात कोण राहतं ते ठरतं, याचं याहून सरळ उदाहरण मला सापडलेलं नाही.

तर ऑपरेशन. आता मी लिहिते: 'या काळात आवाज गडद झाला, त्यामागे अनेक कारणं एकाच वेळी काम करत होती आणि उपलब्ध ध्वनिमुद्रणांवरून ती वेगळी करता येत नाहीत.' समितीला हे वाक्य कमकुवत वाटेल अशी मला भीती होती. उलट झालं. 'करता येत नाहीत' हे सकारण सांगणं हाही निष्कर्षच असतो.

ज्याची तबकडी नाही

हे सगळं लिहिताना माझ्या डोक्यात सतत भास्करबुवा बखले होते. जन्म १८६९, मृत्यू १९२२. म्हणजे कारुसोचे अगदी समकालीन. आग्रा, ग्वाल्हेर, जयपूर अशा गायकी पचवलेले, बालगंधर्वांचे आणि मास्तर कृष्णरावांचे गुरू, पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही.

एकाच्या अडीचशे तबकड्या, दुसऱ्याची शून्य. यावरून दोघांच्या मोठेपणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही; सिद्ध होतं ते एवढंच की एकाच्या गाण्याची यंत्राशी गाठ पडली आणि दुसऱ्याच्या पडली नाही. भास्करबुवांचं करिअर लिहायचं तर गोविंदराव टेंब्यांसारख्यांच्या आठवणी, शिष्यांच्या गळ्यात उतरलेल्या बंदिशी, मैफलींचे वृत्तांत यांवरच जावं लागतं. आणि गंमत बघा, कारुसोवर काम करून आल्यावर मला हे साधन दुय्यम वाटेनासं झालं. गाइसबर्गची आठवण वाचताना विचारलेले तीन प्रश्न टेंब्यांच्या आठवणीलाही तसेच लागू पडतात. तबकडी असो की आठवण, दोन्हींना उलटतपासणी लागतेच.

शेवटची संध्याकाळ

११ डिसेंबर १९२० ला ब्रुकलिनमध्ये प्रयोग चालू असताना कारुसोच्या तोंडातून रक्त येऊ लागलं. पहिला अंक कसाबसा पूर्ण झाला, प्रयोग थांबवला. तरी त्यानंतर तो परत उभा राहिला, आणि २४ डिसेंबरला 'ला जुईव्ह'मध्ये म्हाताऱ्या एलेआझारची भूमिका करून घरी गेला. मग फुप्फुसाच्या आवरणाचा आजार, एकामागून एक शस्त्रक्रिया, नेपल्सला परतणं, आणि मृत्यू. या भागाला दंतकथेची काडीचीही गरज नाही. नुसत्या तारखा लिहिल्या तरी हात थांबतो.

मी प्रकरण पुन्हा लिहिलं. पहिलं वाक्य आता असं आहे: 'एन्रिको कारुसो सात भावंडांतला तिसरा, त्यांपैकी चार लहानपणीच वारली, आणि घरात मात्र हा आकडा एकवीस सांगितला जात असे.' पुढच्या बैठकीत त्याच मॅडमनी ते वाचलं, काही न बोलता पान उलटलं. आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

तुमच्यासाठी एक काम. तुमच्या सिनॉप्सिसमधलं तुम्हाला सगळ्यात आवडणारं वाक्य काढा. वहीत तीन रकाने आखा: हे कोण म्हणतं, घटनेनंतर किती वर्षांनी म्हणतं, आणि त्याला हे कुठून कळलं. तिसरा रकाना रिकामा राहिला तर वाक्य खोडू नका. तिथूनच कामाला लागा.